गवा, बिबट्या, डुक्कर: एकच काडतूस का चालत नाही?

शिकार कायदेशीर होती त्या काळात सह्याद्रीच्या रानात उतरणाऱ्या शिकाऱ्यापुढे एक अगदी व्यावहारिक प्रश्न असे. कोयना-वारणेच्या खोऱ्यात वीस-पंचवीस किलोचे भेकर भेटेल, शंभर किलोचे रानडुक्कर भेटेल, दोन-अडीचशे किलोचे सांबर भेटेल, नाहीतर झाडीतून थेट हजार किलोचा गवा समोर येईल. खांद्यावर बंदूक मात्र एकच. मग सगळ्यांना पुरे पडेल असे काडतूस कोणते?

शिकार थांबली, पण प्रश्न संपला नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तो आता वन विभागाच्या पशुवैद्यकापुढे उभा राहतो. त्याच्या हातातली बंदूक जीव घेणारी नसते, भूल देणारी असते. उसाच्या फडातला बिबट्या असो की बाजारपेठेत शिरलेला गवा, सगळ्यांना चालेल असे एकच भुलीचे इंजेक्शन का नसते, हे समजून घ्यायचे तर आधी जुन्या काडतुसाकडे बघावे लागते.

गोळीचा हिशेब

बंदुकीच्या गोळीची ताकद दोन गोष्टींवर ठरते: तिचे वजन आणि तिचा वेग. त्यातही वेगाचे पारडे जड. वजन दुप्पट केले तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज कंपनीने १९१२ मध्ये बाजारात आणलेले .३७५ मॅग्नम हे काडतूस आजही जगभर 'सर्व कामांचे' म्हणून ओळखले जाते. त्याची साधारण १९ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७७० मीटर वेगाने निघते, म्हणजे तिच्यात साडेपाच हजार ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असते. भारतात सामान्य परवानाधारकाच्या हाती आली ती मात्र .३१५ ची रायफल. लष्कराचे .३०३ काडतूस नागरिकांना वापरता येत नसे, म्हणून तशाच बांधणीची, पण वेगळ्या नळीची ही रायफल सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली. गावोगावी पीक राखायला असे त्या ठासणीच्या आणि बाराबोअरच्या बंदुका.

पण नुसत्या ताकदीने काम होत नाही, हे जाणत्या शिकाऱ्याला ठाऊक असे. मऊ टोकाची गोळी अंगात शिरताच फुलते आणि मोठी जखम करते. भेकराच्या, हरणाच्या बाबतीत ते पुरते. गव्याच्या जाड कातड्यात आणि खांद्याच्या भक्कम हाडांत तीच गोळी वरच्या वर फुटून जाण्याचा धोका. तिथे न फुलणारी, सरळ आरपार घुसणारी टणक गोळी हवी. तीच टणक गोळी बिबट्यावर वापरली तर पलीकडून निघून जाईल आणि जखमी बिबट्या झुडपात दडून बसेल. म्हणजे 'सर्व कामांचे' काडतूसही खरे तर एकच नव्हते. नळी एक, पण आतली गोळी जनावरागणिक बदलावी लागे.

शिकार थांबली, कायद्यातली व्याख्या राहिली

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या व्यवहाराला चाप लावला. या कायद्यातली शिकारीची व्याख्या मात्र बहुतेकांना वाटते त्यापेक्षा बरीच रुंद आहे. वन्य प्राण्याला मारणे तर शिकार आहेच, पण त्याला पकडणे, सापळ्यात अडकवणे किंवा तसा प्रयत्न करणे हेही शिकारीतच मोडते. बिबट्या आणि गवा हे दोन्ही प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यामुळे त्यांना भूल देऊन पकडायचे असेल तरी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. आणि अशा प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही याची खात्री झाल्याखेरीज त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. 'एवढा वेळ का लावताय, घाला गोळी' असे म्हणणाऱ्या गर्दीला हे माहीत नसते.

भुलीची बंदूक ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांना दिले जाते. औषधशास्त्र आणि पशुवैद्यक या दोन्हींत काम केलेल्या या माणसाने १९५० च्या दशकात रानटी जनावरांना लांबून औषध देण्यासाठी ती विकसित केली. एकदा वापरून फेकायची प्लास्टिकची सिरिंजही त्यांचीच. दोन्ही शोधांचे नाते उघड आहे, कारण भुलीचा डार्ट म्हणजे मुळात उडती सिरिंजच.

ताकद जितकी कमी, तितकी बरी

या सिरिंजचे सहसा दोन कप्पे असतात. पुढच्यात औषध, मागच्यात दाबून भरलेली हवा. सुईचे टोक बंद असते, औषध बाहेर पडायचे छिद्र बाजूला असते आणि त्यावर रबरासारखे छोटे टोपण चढवलेले असते. सुई कातड्यात घुसली की टोपण मागे सरकते आणि मागची हवा औषधाला क्षणात स्नायूत ढकलते. शेपटीकडे रंगीत गोंडा असतो. त्याने डार्ट सरळ जातो, आणि नेम लागला की नाही हे लांबूनही दिसते.

काही बंदुका कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालतात, काहींत बिनगोळीचे लहान काडतूस वापरतात. दहा ग्रॅमचा डार्ट सेकंदाला ५० मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा साडेबारा ज्यूल भरते. वरच्या .३७५ च्या तुलनेत हा साडेचारशेवा भागही नाही. तरीही ती जास्त होऊ शकते. रायफलीच्या गोळीचे काम तिच्या ताकदीने होते, डार्टचे काम औषधाने. ताकद हवी ती फक्त सुई कातड्याच्या आत जाण्यापुरती. दाब जास्त झाला तर ४०-५० किलोच्या बिबट्याच्या मांडीचे हाड मोडू शकते, नेम चुकून पोटात बसला तर आतड्याला इजा होते. दाब कमी पडला तर डार्ट गव्याच्या पाठीवरून उसळून खाली पडतो. बिबट्याला साधारण तीन सेंटीमीटरची सुई पुरते, गव्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट लांबीची लागते. अंतर दहा मीटर आहे की तीस, यावर दाब पुन्हा बदलायचा. म्हणून नेमबाजापेक्षा अंतर आणि वजन अचूक ओळखणारा डोळा इथे जास्त कामाचा.

एकाचे औषध, दुसऱ्याचे विष

खरी अडचण सिरिंजच्या आत असते. बिबट्यासाठी आपल्याकडे बहुतेक वेळा झायलाझिन आणि केटामाइन ही जोडी वापरतात. केटामाइन माणसांच्या शस्त्रक्रियेतही वापरले जाते. त्याने प्राण्याचे भान हरपते, पण एकटे दिले तर स्नायू ताठरतात आणि झटकेही येऊ शकतात. झायलाझिन १९६० च्या दशकात जर्मनीत माणसाच्या रक्तदाबावरचे औषध म्हणून पुढे आले होते. ते स्नायू सैल करते आणि गुंगी आणते, पण एकटे दिले तर मोठ्या आवाजाने जनावर अचानक जागे होऊ शकते. दोन्ही एकत्र दिली की एकाची उणीव दुसरे भरून काढते.

हीच जोडी वजनाच्या प्रमाणात वाढवून गव्याला द्यावी, असे कोणालाही वाटेल. पण वजनाचा त्रैराशिक इथे चालत नाही. झायलाझिनबाबत गाय-बैलांचे शरीर विलक्षण हळवे आहे. घोड्याला गुंगी आणायला किलोमागे जेवढे औषध लागते, त्याच्या सुमारे दहाव्या भागात गोवंशातल्या जनावराला ती येते. डुकराचे उलट. त्याच्यावर हे औषध फारसे चालतच नाही. गवा गोवंशातलाच, पण तो रानातला आणि घाबरलेला. भीतीने रक्तात अॅड्रेनालिन उसळले की भूल चढायला जास्त औषध लागते, आणि तेच जास्त औषध नंतर श्वास मंद करते.

मोठ्या रवंथ करणाऱ्या प्राण्यांसाठी जगभर एटॉर्फिन वापरतात. ते मॉर्फिनच्या हजार ते तीन हजार पट प्रभावी मानले जाते. थेंबभर पुरते, म्हणून डार्ट लहान राहतो. पण तोच थेंब वापरणाऱ्या माणसाच्या अंगात गेला तर जीव जाऊ शकतो, त्यामुळे उतारा भरून ठेवल्याशिवाय बाटली उघडत नाहीत. मांजरकुळातल्या प्राण्यांना हे औषध शांत करण्याऐवजी खवळवते. म्हणजे गव्याचे औषध बिबट्याला नको, बिबट्याचे गव्याला जपून, आणि डुकराला दोन्हींपेक्षा वेगळेच.

बेशुद्ध झाल्यावरही काळजी वेगवेगळी. गवा कुशीवर पडून राहिला तर पोटात वायू साचून पोट फुगते, आणि वर आलेला चारा श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याला छातीवर बसता ठेवून मान उंच धरावी लागते. बिबट्याच्या पापण्या मिटत नाहीत, म्हणून डोळ्यांत मलम घालून वर कापड टाकतात. दोघांचाही श्वास आणि ताप सतत मोजत राहतात. झायलाझिनवर योहिम्बिनसारखा उतारा आहे, केटामाइनवर नाही. त्यामुळे उतारा घाईने दिला तर प्राणी अर्धवट शुद्धीत, झटके देत उठतो.

मधली दहा मिनिटे

सिनेमात डार्ट लागताच वाघ कोसळतो. प्रत्यक्षात स्नायूतले औषध रक्तात उतरून मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण पाच ते पंधरा मिनिटे लागतात. या वेळेत बिबट्या जागा असतो, दुखावलेला असतो आणि पळू शकतो. मार्च २०२१ च्या अखेरीस सांगलीत भरवस्तीत बिबट्या आला, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांगलीच्याच मार्केट यार्डात गवा शिरला. अशा वेळी ही दहा मिनिटे सर्वांत धोक्याची, आणि नेमकी तेव्हाच मोबाइल घेऊन गर्दी पुढे सरकते.

त्या गर्दीची किंमत पुण्याने ९ डिसेंबर २०२० रोजी पाहिली. कोथरूडमध्ये आलेला गवा तासन्‌तास लोकांच्या गराड्यात धावत राहिला. त्याला भूल देऊन पकडले, पण तो वाचला नाही. खूप पळवलेल्या वन्य प्राण्याच्या स्नायूंत आम्ल साचते, शरीराचे तापमान चढते, स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले द्रव्य रक्तात मिसळते. त्याने मूत्रपिंडे निकामी होतात, हृदय बंद पडू शकते. कधी हे काही तासांत होते, कधी जंगलात सोडल्यावर काही दिवसांनी. औषधाची मात्रा अचूक असली तरी हा धोका टळत नाही, कारण तो डार्ट लागण्याच्या आधीच सुरू झालेला असतो. दोनच आठवड्यांनी पुण्याच्या बावधन-पाषाण भागात दुसरा गवा दिसला. या वेळी बघ्यांना दूर ठेवून त्याला जंगलाकडे परत जाऊ दिले.

न मारलेला नेम

कराड, शिराळा, वाळवा या पट्ट्यात बिबट्या बहुधा उसात असतो. दाट उसात नेम धरायला जागा नाही, आणि डार्ट लागलेला बिबट्या फडात शिरला तर त्याच्या मागे कोणी जायचे? विहिरीत पडलेल्या बिबट्याला वरून भूल दिली तर तो पाण्यात बुडेल. म्हणून आधी बाज किंवा पिंजरा खाली सोडतात आणि तो स्वतःहून वर येईल असे पाहतात. ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडले तर त्यांना उचलून नेण्यापेक्षा त्याच जागी ठेवून आई येईपर्यंत दूर थांबणे, हा वन विभागाचा अनुभवाचा मार्ग आहे.

पकडून दुसरीकडे सोडणे हाही वाटतो तितका सोपा उपाय नाही. जुन्नर भागातल्या बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, पकडलेले बिबटे जिथे नेऊन सोडले त्या परिसरात माणसांवरचे हल्ले उलट वाढले. अनोळखी मुलुखात सोडलेले जनावर बिथरते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नये, गर्दीवर नियंत्रण आधी मिळवावे, यावर भर आहे.

म्हणून बिबट्या किंवा गवा दिसला तर पहिले काम वन विभागाला कळवण्याचे. त्यासाठी १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. दुसरे काम जनावराला निघून जायला एक बाजू मोकळी ठेवण्याचे. पाठलाग करू नये, दगड मारू नयेत, फटाके वाजवू नयेत, आणि डार्ट लागल्यावर तर जागचे हलू नये. सिरिंजमधले औषध पशुवैद्यक जनावर बघून बदलू शकतो, सुई बदलू शकतो, दाब बदलू शकतो. मोकळी जागा आणि शांतता मात्र प्रत्येक जनावराला सारखीच लागते, आणि ती फक्त गावकरीच देऊ शकतात.