सम्राट अशोक आणि एमएच ३७०
१ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईसाठी निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले, तेव्हा पहिला संशय घातपाताचाच घेतला गेला. मात्र समुद्रतळातून काढलेल्या ध्वनिमुद्रकातील वैमानिकांचे संवाद वेगळेच सांगत होते: विमानाचा कल दाखवणारे, म्हणजे ते कोणत्या बाजूला झुकले आहे हे सांगणारे, मुख्य वैमानिकापुढील उपकरण बिघडले होते, आणि काळोख्या समुद्रावर क्षितिज दिसत नसल्याने त्याने सरळ चाललेले विमान उजवीकडे कलले आहे असे समजून डावीकडे वळवत नेले. ८ मार्च २०१४ रोजी २३९ जणांसह नाहीसे झालेल्या मलेशियाच्या एमएच ३७० विमानाबाबत असे ध्वनिमुद्रक हाती आलेलेच नाहीत. त्यामुळे अपहरण, आग, वैमानिकाचे कृत्य अशा तर्कांना (काही तर निव्वळ कल्पनाविलास) मोकळे रान मिळाले. उपग्रहाशी झालेल्या स्वयंचलित संकेतांच्या देवाणघेवाणीवरून विमान दक्षिण हिंदी महासागराकडे गेल्याचे अनुमान निघाले, रीयुनियन बेटावर सापडलेल्या पंखाच्या भागाने त्याला बळ दिले. तरीही जुलै २०१८ च्या चौकशी अहवालाला कारण निश्चित करता आले नाही.