गाणारा बदलतो तेव्हा : ब्लॅक सॅबथचा ‘हेवन अँड हेल’

आपल्याकडे बंदिश एक आणि गाणारे अनेक, ही जुनी रीत. त्यामुळे गाणारा बदलला म्हणून कुणी दचकत नाही. रॉक संगीतात मात्र चार-पाच जणांचा बँड हाच गाण्याचा कर्ता असतो आणि श्रोते त्याला ओळखतात ते मुख्य गायकाच्या आवाजावरून. म्हणूनच गायक गेला की बँड संपला, असे सहज मानले जाते. ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश बँडचा १९८० सालचा ‘हेवन अँड हेल’ हा अल्बम या समजुतीला ठळक अपवाद आहे.

ब्लॅक सॅबथ १९६८ साली बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन या कामगार वस्तीत उभा राहिला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, बारीक तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून गिटारचा स्वरच खाली उतरवला. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मधला तो जड, खोल नाद या तडजोडीतून आला आणि हेवी मेटलची ओळख होऊन बसला.

या संगीताचा कणा म्हणजे रिफ : गिटारवर पुन्हा पुन्हा फिरून येणारी छोटी स्वरावली. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा फिरत राहतो, तशी. ऑझी ऑस्बोर्न हा पहिला गायक बरेचदा या रिफच्या मागोमाग गाई. १९७० मधले ‘आयर्न मॅन’ ऐकावे. जे सूर गिटारचे, तेच आवाजाचे. संगीताचे शिक्षण नसलेला तो उंच, कळवळता आवाज एखाद्या भेदरलेल्या साध्या पोरासारखा वाटे. बास वाजवणारा गीझर बटलर शब्द लिही, तेही युद्ध, भीती आणि वेडाचे. शब्द आणि आवाज एकमेकांत चपखल बसले होते.

१९७८ च्या ‘नेव्हर से डाय!’पर्यंत मात्र दारू आणि अमली पदार्थांनी सगळ्यांनाच पोखरले होते. १९७९ साली ऑझीला काढून टाकण्यात आले. काढणारेही काही शुद्धीत होते असे नाही. ही बातमी त्याला सांगण्याचे काम आले ड्रमवादक बिल वॉर्डवर, जो त्याचा जवळचा मित्र होता.

त्याच्या जागी आला रॉनी जेम्स डिओ. अमेरिकेतल्या इटालियन वंशाच्या घरातला, रिची ब्लॅकमोरच्या ‘रेनबो’ बँडमध्ये नाव कमावलेला. लहानपणी तो ट्रम्पेट वाजवत असे आणि आपल्या दमसासाचे श्रेय त्या वाद्याला देई. त्याने ऑझीची नक्कल केली नाही. तो रिफच्या मागे न जाता तिला छेद देत गाऊ लागला. खाली गिटारची एक चाल, वर आवाजाची दुसरी.

खरी गंमत पुढे आहे. आवाज स्वतंत्र झाल्यावर वाद्यांनाही आपली जागा नव्याने शोधावी लागली. अल्बमच्या शीर्षकगीतात आयोमीची भव्य रिफ वाजते आणि कडवे सुरू होताच बाजूला होते. उरतात बास आणि ड्रम. त्यांच्या सरळ ठेक्यावर आवाज एकटा चढत जातो. ज्या बँडमध्ये रिफ हीच सम्राज्ञी होती, तिथे तिने गाणाऱ्याला वाट करून दिली. शब्दही आता डिओचे होते : समुद्र, राजे, स्वप्ने, भलेबुरे यांची रूपककथा.

यात काही हरवलेही. अ‍ॅस्टनच्या गल्लीतले ते भेदरलेले पोर या अल्बममध्ये कुठेच नाही. डिओचा आवाज भीती सांगत नाही, भीतीवर मात करतो. जुन्या श्रोत्यांची हळहळ समजण्यासारखी होती. तरीही अल्बम ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. रंगमंचावर ऑझी दोन बोटांची शांततेची खूण करी. ती ऑझीची म्हणून डिओने घेतली नाही. दृष्ट लागू नये म्हणून त्याची आजी तर्जनी आणि करंगळी उभारत असे, ती खूण त्याने उचलली. आज जगभरचे मेटलप्रेमी तीच खूण करतात.

डिओ १९८२ मध्ये बँड सोडून गेला. पण २००६ च्या सुमारास आयोमी, बटलर, डिओ आणि ड्रमवादक विनी अपिसी हे जुने सहकारी पुन्हा एकत्र आले, तेव्हा त्यांनी ‘ब्लॅक सॅबथ’ हे नाव वापरले नाही. ‘हेवन अँड हेल’ हेच नाव घेतले. जे नाव टिकावे म्हणून हा अल्बम झाला, ते बाजूला ठेवून अल्बमचेच नाव बँडला लागले. गायक बदलून जुना बँड वाचला, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याच घरात एक नवा बँड जन्मला होता.

डिओ २०१० मध्ये गेला. ५ जुलै २०२५ रोजी मूळचे चौघे अ‍ॅस्टनच्याच व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र वाजले. सतरा दिवसांनी ऑझीही गेला. दोन्ही आवाज आता ध्वनिमुद्रिकांत उरले आहेत. दोघांच्याही खाली गिटार एकच आहे, टोपणे घातलेल्या बोटांची.