'गुडफेलाज' : टोळीतला उपरा
मार्टिन स्कोर्सेसी यांचा 'गुडफेलाज' (१९९०) हा चित्रपट निकोलस पिलेगी यांच्या 'वाइजगाय' या सत्यकथनावर आधारलेला आहे. ब्रुकलिनमधील हेन्री हिल (रे लिओटा) याला घरासमोरच्या टॅक्सीथांब्यावर वावरणाऱ्या माफियांचे लहानपणापासून आकर्षण असते. शाळा चुकवून तो त्यांची पडेल ती कामे करू लागतो. मात्र टोळीचे पूर्ण सदस्यत्व फक्त इटालियन वंशाच्या पुरुषांनाच मिळे. हिलची आई सिसिलियन, पण वडील आयरिश वंशाचे. त्यामुळे तो कायम उपराच राहतो. १९८० मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाल्यावर खरा हिल सरकारी साक्षीदार बनला आणि त्याच्या साक्षीने जुने साथीदार तुरुंगात गेले. या चित्रपटासाठी जो पेशी यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले.