लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाचे सामान

लांब पल्ल्याच्या चालकासाठी केबिन हेच कामाचे ठिकाण आणि तेच घर असते. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ सारख्या रस्त्यावर तो कित्येक दिवस घराबाहेर राहतो. त्याच्या सामानाचे तीन गट करता येतात.

१. कागदपत्रे : लायसन्स, आरसी, विमा, परमिट, फिटनेस, पीयूसी आणि मालाचे ई-वे बिल. सर्वसाधारण मालासाठी या बिलाची मुदत दर २०० किमीला एक दिवस असते. गाडी वाटेत बंद पडल्यास मुदत वाढवून घ्यावी लागते. त्यासाठी मोबाइल चार्ज असणे आवश्यक.

२. दुरुस्ती व सुरक्षा : जॅक, पाने, स्टेपनी, टॉर्च, दोरखंड, ताडपत्री आणि परावर्तक त्रिकोण. रात्री रस्त्यात उभा असलेला ट्रक मागून येणाऱ्याला उशिरा दिसतो, म्हणून त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवावा.

३. आरोग्य : पिण्याचे पाणी, ओआरएस, प्रथमोपचार पेटी, अंथरूण-पांघरूण, मच्छरदाणी. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त पुरतील इतक्या घ्याव्यात. डॉक्टरांची चिठ्ठीही जवळ असावी. इन्सुलिन तापलेल्या केबिनमध्ये उघडे ठेवू नये.

या यादीत न बसणारी गरज म्हणजे झोप. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने कामाची सर्वसाधारण मर्यादा दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ठरवली होती. अंथरूण चालक सोबत नेऊ शकतो. पण झोपायला वेळ मिळणे हे माल पोहोचवण्याची मुदत ठरवणाऱ्याच्या हातात असते. म्हणूनच चालकाची सुरक्षितता ही केवळ त्याची वैयक्तिक जबाबदारी मानता येत नाही.