जुन्या गाडीला जुगाड: कुठे चालतो, कुठे जिवावर येतो?

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये बंद झालं, तरी गावोगावी ती अजून धावतेय. पण ऊन आणि इंजिनच्या गरमीने तिच्या प्लास्टिकच्या क्लिपा, बुश कडक होऊन तुटतात. मग घरचा जुगाड सुरू होतो.

दरवाजाचं आतलं पॅनल खडखडतंय? तुटलेल्या क्लिपच्या जागी वॉशर लावून छोटा स्क्रू बसवा. आधी मागे वायर किंवा काचेची यंत्रणा नाही ना, ते बघा. लोंबणारी वायर केबल टायने बांधा, तापणाऱ्या पाइपपासून लांब ठेवा.

बोनेटखाली मात्र सांभाळून. इंजिनमधलं पाणी ९० अंशांच्या आसपास तापतं. नळाचा पीव्हीसी पाइप ८० अंशांजवळच मऊ पडतो, त्यामुळे त्याचा तुकडा तिथे टिकत नाही. सायकलची ट्यूब पेट्रोलने फुगते. गळती झाली तर आगीचा धोका.

ब्रेक, स्टिअरिंग, ॲक्सिलरेटर आणि पेट्रोलची लाइन, इथे जुगाड नकोच. नवाच पार्ट घ्या. बाकी क्लिपा भंगारातल्या गाडीच्याही चालतात. तुटलेला तुकडा फेकू नका, नमुना म्हणून दुकानात सोबत न्या.