कानामागची त्वचा: चेहऱ्याच्या दुरुस्तीसाठी मोलाची

आरशात कधीच न दिसणारी कानामागची त्वचा प्लास्टिक सर्जनच्या फार उपयोगाची असते! ती पातळ असते, तिच्यावर सहसा केस नसतात आणि रंग चेहऱ्याशी छान जुळतो. शिवाय तिथला व्रण कानाआड झाकला जातो.

🔹 ग्राफ्ट की फ्लॅप?
ही त्वचा दोन प्रकारे वापरतात. ग्राफ्टमध्ये ती पूर्ण सुटी करून लावतात. फ्लॅप मात्र स्वतःचा रक्तपुरवठा सोबत घेऊनच सरकतो. कानामागे हे रक्त मुख्यतः पोस्टिरियर ऑरिक्युलर धमनीतून येतं.

🔹 कानासाठी
त्वचेच्या कर्करोगाची गाठ काढल्यावर कानाच्या पुढच्या खोलगट भागात जखम उरते. तेव्हा मागची त्वचा कूर्चेतल्या छिद्रातून पुढे आणतात. ती फिरत्या दारासारखी वळते. सर्जन मॅसन यांनी १९७२ मध्ये ही फ्लॅपची पद्धत मांडली.

🔹 नाकासाठी
सर्जन वाशिओ यांनी १९६९ मध्ये कानशिलातल्या धमनीच्या आधारे कानामागची त्वचा थेट नाकापर्यंत नेण्याची पद्धत मांडली. नाकाकडून नवा रक्तपुरवठा जुळला की, साधारण तीन आठवड्यांनी, फ्लॅपला मूळ जागेशी जोडणारा पट्टा कापतात.

कानावरची किंवा नाकावरची जखम भरत नसेल, तर ती अंगावर काढू नका. ती कर्करोगाची असू शकते, म्हणून लवकर डॉक्टरांना दाखवा. गाठ लहान असताना काढली, तर दुरुस्तीही सोपी होते.