फ्रॉन्टॅलिस: कपाळाशी जोडलेले नाव

अर्थ: लॅटिन ‘फ्रॉन्स’ म्हणजे कपाळ, ‘फ्रॉन्टॅलिस’ म्हणजे कपाळाचा.

माणसात: भुवया उचलणारा, कपाळावर आडव्या आठ्या पाडणारा स्नायू. हाडाला थेट चिकटलेला नाही. खालचे टोक भुवयांच्या त्वचेत. त्यामागचे ललाटास्थी जन्मतः दोन भागांत असते, पुढे सांधले जाते. हाडाचे लॅटिन नाव मात्र ‘फ्रॉन्टाले’, कारण लॅटिनमध्ये हाडासाठीचा शब्द नपुंसकलिंगी.

पक्ष्यात: सिट्टा फ्रॉन्टॅलिस (नाव दिले स्वेन्सनने, १८२०). सह्याद्रीच्या जंगलांतला छोटा नटहॅच. निळसर पाठ, लाल चोच, कपाळावर मखमली काळा पट्टा. खोडावरून डोके खाली करूनही उतरतो.

गुरांत: बॉस फ्रॉन्टॅलिस (नाव दिले लॅम्बर्टने, १८०४): ईशान्य भारतातला मिथुन, अर्धपाळीव. आपला रानगवा तो नव्हे. गवा म्हणजे बॉस गौरस.